पेंटमध्ये बादली ओतली की सगळं पान रंगतं, नाहीतर रेषेभोवती पांढरी किनार राहते: कारण आणि उपाय

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. अंबाजोगाईत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. सातवीतली एक मुलगी तीन दिवस खपून एक देवणी जातीचा बैल काढत होती. तोही माउसनं आणि विंडोजसोबत येणाऱ्या साध्या पेंटमध्ये. वशिंड, गळ्याची पोळी, वेसण, पाठीवर झूल, झुलीला गोंडे, सगळं अगदी मन लावून. बाह्यरेषा पूर्ण झाली, तिनं बादली, म्हणजे बंद जागेत रंग ओतायचं हत्यार, उचलली, लाल रंग घेतला, झुलीच्या मधोमध क्लिक केलं आणि बैलासकट आख्खं पान लालभडक झालं.

"मॅडम, हे कामून व्हायलंय?"

तिच्या शेजारच्या मुलाची तक्रार नेमकी उलटी होती. त्याचा रंग बाहेर सांडत नव्हता, पण रेषेपर्यंत पोचतही नव्हता. आत हिरवा, बाहेर काळी रेघ आणि दोघांच्या मध्ये पांढुरकी, कुरतडल्यासारखी किनार. त्यानं त्या किनारीत बादलीनं एकेक क्लिक करत अर्धा तास घालवला होता.

दर सुट्टीच्या बॅचला या दोन तक्रारी येतातच. मोठ्यांकडूनही येतात. बचतगटाच्या लेबलसाठी चित्र काढणाऱ्या ताई, शाळेच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ करणारे गुरुजी, सगळे इथंच अडकतात आणि "पेंटमध्ये चांगलं चित्र होतच नाही" म्हणून सोडून देतात. मला ते फार लागतं. पेंट पहिल्या विंडोजबरोबर १९८५ साली आला, जुन्यातल्या जुन्या मशीनवर उघडतो, इंटरनेट मागत नाही. तालुक्याच्या गावातल्या मुलाला चित्र काढायला मिळणारं ते पहिलं आणि बऱ्याचदा एकमेव साधन असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. बादली नेमकं काय बघते, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बादली म्हणजे वाफ्यात सोडलेलं पाणी

शेतात दारं धरलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वाफ्यात पाणी सोडलं की ते वरंब्यापर्यंत पसरतं आणि थांबतं. वरंबा बोटभर जरी फुटलेला असला तरी पाणी शेजारच्या वाफ्यात जातं आणि तिथून सगळीकडे. बादलीचंही तसंच. तुम्ही ज्या पिक्सेलवर, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं त्यातल्या ज्या बारीक चौकोनी घरावर, क्लिक केलं, त्याचा रंग ती बघते. मग त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे हुबेहूब त्याच रंगाचा पिक्सेल आहे का बघते. असला तर रंगवते आणि त्याच्या चार बाजू तपासायला लागते. वेगळ्या रंगाचा पिक्सेल आला की तोच वरंबा.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक म्हणजे ती फक्त चार दिशांना जाते, तिरपी जात नाही. म्हणून पेन्सिलची तिरकी रेघ, जिच्यात पिक्सेल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे असतात, तीही पाणी अडवते. रेघ जाड नाही म्हणून रंग सांडतो हा समज चुकीचा आहे. एका पिक्सेलची रेघ पुरते, फक्त ती अखंड हवी. दुसरं, "हुबेहूब त्याच रंगाचा" म्हणजे अगदी हुबेहूब. जुन्या पेंटमध्ये जवळपासचा रंग चालवून घेण्याची सोय नाही. कॉम्प्युटर प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांत मोजतो. २५५, २५५, २५५ हा शुद्ध पांढरा आणि २५४, २५४, २५४ हाही डोळ्याला पांढराच, पण बादलीच्या लेखी ते दोन वेगळे रंग आहेत.

पहिली गोष्ट समजली की रंग का सांडतो ते समजतं, दुसरी समजली की किनार का राहते ते.

फट कुठं आहे?

पान लाल झाल्यावर पहिलं काम कंट्रोल आणि झेड. घाबरून पांढऱ्या रंगाची बादली ओतू नका, त्यानं बैलाच्या आतलाही भाग बिघडतो. विंडोज ७ आणि त्यापुढच्या पेंटमध्ये ५० पावलं मागं जाता येतं. एखाद्या शाळेत अजून एक्सपी असेल तर तिथं फक्त ३ पावलं मिळतात, म्हणून तिथं रंग भरायच्या आधी फाइल सेव्ह करणं भागच आहे.

आता फट शोधायची. बहुतेक जण झूम करून सगळ्या रेषेवरून डोळे फिरवत बसतात. डोळे दुखतात आणि फट सापडत नाही. त्याऐवजी मी मुलांना बैल कापायला लावते. पेन्सिल घ्या, निळ्यासारखा वेगळा रंग घ्या आणि पाठीपासून पोटापर्यंत एक उभी रेघ मारा. शिफ्ट दाबून ओढली तर सरळ येते. बैलाचे दोन वाफे झाले. पुढच्या अर्ध्यात बादली ओता. सांडली तर फट पुढच्या भागात आहे, नाही सांडली तर मागच्या. ओतलेला रंग कंट्रोल-झेडनं परत घ्या, ज्या भागात फट आहे त्याचे पुन्हा दोन तुकडे करा, पुन्हा ओतून बघा. पाच-सहा कापांत तुम्ही बोटाएवढ्या तुकड्यावर येता. तिथं झूम ८०० टक्के करा, कंट्रोल आणि जी दाबून चौकटींची जाळी लावा, फट समोर दिसेल. जागा लक्षात ठेवा, कंट्रोल-झेडनं निळ्या रेघा काढून टाका आणि मग पेन्सिलनं तो एक पिक्सेल बुजवा. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर रेघा काढताना बुजवलेला पिक्सेलही निघून जाईल. एकाच वेळी दोन्ही भाग सांडले तर फटी एकाहून जास्त आहेत. एक भाग आधी संपवा.

आमच्या त्या मुलीच्या बैलात झूल जिथं पाठीच्या रेषेला येऊन टेकते, तिथं झुलीची रेघ एक पिक्सेल अलीकडेच थांबली होती. फक्त एक पिक्सेल. आणि दुसरी फट शेपटीच्या गोंड्यापाशी. झुलीतला रंग पहिल्या फटीतून अंगात आला आणि दुसऱ्या फटीतून बाहेर पडला.

फट कुठं पडते हे एकदा कळलं की शोधणंही सोपं जातं. पेन्सिल तुम्ही कितीही भरभर ओढा, ती मध्ये तुटत नाही, पेंट स्वतःच बिंदू जोडत जातो. फट पडते ती जिथं तुम्ही बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं तिथं. म्हणजे शिंग आणि डोक्याचा सांधा, कान, खूर, शेपटीचं टोक. दुसरी जागा खोडरबराची: त्याचा कोपरा चौकोनी असतो, जवळचं काही खोडताना तो रेषेचा तुकडा घेऊन जातो. तिसरी जागा पानाची कड. पाय पानाच्या खालच्या कडेला नीट टेकला असेल तर कडच वरंब्याचं काम करते, पण एक पिक्सेल वर राहिला तर तिथून पाणी निघून जातं.

बाह्यरेषा क्रेयॉन, नॅचरल पेन्सिल किंवा स्प्रे यांनी काढली असेल तर मात्र फट शोधत बसू नका. त्या ब्रशांचा पोतच भोकाभोकांचा आहे. तिथं वरंबा नाही, नुसती पेरलेली ढेकळं आहेत. त्यांचा उपयोग शेवटी, केसाळ शेपटीला किंवा धुरळ्याला करावा.

पांढरी किनार

आता शेजारच्या मुलाचं चित्र. त्याची रेघ ८०० टक्क्यांवर मोठी करून आम्ही दोघांनी एकेक घर मोजलं. मधोमध दोन घरं काळी. त्याच्या बाजूला एक गडद राखाडी. त्याच्या बाजूला एक इतकं फिकट राखाडी की नुसत्या डोळ्याला पांढरं वाटावं. मग पांढरा कागद. रंग उचलणारा ड्रॉपर त्या फिकट घरावर टेकवून एडिट कलर्स उघडलं तर आकडे २२० च्या आसपास. बादलीनं २५५ वर क्लिक केलं होतं. २२० तिच्यासाठी परका रंग, म्हणून ती तिथंच थांबली. ती किनार त्या फिकट घरांची होती.

ही राखाडी घरं पेंटनं मुद्दाम घातलेली असतात, तिरक्या रेषेच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून. विंडोज ७ पासून ब्रश, सरळ रेघ, वक्ररेघ, गोल हे सगळे आकार अशा मऊ कडेचे निघतात. नुसतं बघायला छान वाटतं. बादलीशी मात्र त्याचं जमत नाही. कडक कडेचं एकच हत्यार उरतं, ते म्हणजे पेन्सिल.

म्हणून नवीन चित्र असेल तर नियम साधा आहे: ज्या रेषेच्या आत बादली ओतायची ती रेष पेन्सिलनंच काढायची. पेन्सिलची जाडी वरच्या यादीत थोडीच दिसते, पण कंट्रोल दाबून अंकांच्या पॅडवरचं अधिकचं चिन्ह दाबत गेलात तर ती वाढत जाते. वजाच्या चिन्हानं कमी होते. लॅपटॉपला अंकांचं पॅड नसेल तर यादीतल्या जाडीवर भागवावं. विंडोज ११ मध्ये जाडीची सरकपट्टी बाजूलाच असते.

यावर मुलं लगेच म्हणतात, "पण मॅडम, पेन्सिलच्या रेघेला पायऱ्या दिसतात." दिसतात. मी त्यांना पैठणीचा पदर दाखवते. आमच्या घरात आईची एक आहे. पैठणमध्ये मोराची मान विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि जिथं दोन रंग भेटतात तिथं त्यांचे धागे एकमेकांत अडकवतात. मध्ये तिसरी छटा नसते. हा धागा, नाहीतर तो धागा. जवळ डोळा नेला की मोराची मान पायऱ्यापायऱ्यांचीच आहे, हातभर लांब धरली की गोलाई दिसते. तिथं पायऱ्या लपवतो तो धाग्याचा बारीकपणा. आपल्यालाही तेच करायचंय: पिक्सेल बारीक करायचे, म्हणजे पान मोठं घ्यायचं.

ए४ कागदावर छापायचं असेल तर सुरुवातीलाच कंट्रोल आणि ई दाबून पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं करा. हे इंचाला ३०० ठिपक्यांचं माप आहे. छापल्यावर एक पिक्सेल जेमतेम ०.०८५ मिलिमीटरचा येतो. त्याची पायरी कागदावर कुणाला दिसत नाही. रेघ तेवढी पाच-सहा पिक्सेल जाड ठेवा, नाहीतर ती केसासारखी येईल. लहान पानावर काढून शेवटी रिसाइझनं मोठं करणं टाळा. मोठं करताना कडा मऊ झाल्या तर नंतर ओतलेल्या प्रत्येक रंगाला पुन्हा तीच किनार.

आधीच मऊ रेषेत काढून झालेल्या चित्राचं काय

पुसून पुन्हा काढायची गरज नाही. राखाडी घरांना "काळं हो नाहीतर पांढरं हो" असं सांगणारी एक सोय पेंटमध्येच आहे, सेव्ह अ‍ॅजमध्ये. ती कुणी वापरत नाही, कारण तिचं नाव मोनोक्रोम बिटमॅप असं आहे आणि तिचा रंगांशी काय संबंध असं वाटतं.

आधी मूळ चित्र वेगळ्या नावानं जपून ठेवा. मग फक्त रेषा असलेलं, रंग न भरलेलं चित्र सेव्ह अ‍ॅजमधून मोनोक्रोम बिटमॅप म्हणून साठवा. फाइलमध्ये आता दोनच रंग उरले. राखाडी घर एकही नाही. पण या फाइलमध्ये लाल रंग घ्यायला गेलात तर घेता येणार नाही, कारण तिला दोनच रंग माहीत आहेत. इथं बरेच जण "पेंट बिघडला" म्हणून थांबतात. पेंटची दुसरी खिडकी उघडा. पहिलीत कंट्रोल-ए, कंट्रोल-सी. दुसरीत कंट्रोल-व्ही. आता हे चित्र साध्या रंगीत पानावर आलं, रेषा मात्र कडक. पीएनजी म्हणून साठवा आणि बादली ओता. रंग थेट काळ्या रेषेला जाऊन भिडतो. एकदा बघा, फार समाधान वाटतं.

वहीत काढलेल्या चित्राचा मोबाइलनं फोटो काढून रंगवायचा असेल तरी हाच रस्ता. फक्त पेन्सिलची रेघ आधी काळ्या जेल पेननं गिरवा, फिकट रेघ या चाळणीतून गळून जाते. फोटो दिवसाच्या उजेडात, ओट्यावर किंवा गच्चीवर, कागदावर स्वतःची सावली पडू न देता काढा. सावली पडली तर तिथं काळा डाग उमटतो. कागदाचे बारीक काळे कण राहतात ते खोडरबरानं वेचून काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

जेपीजीची धूळ

पेन्सिलनं काढलंय, फट नाही, मऊ कड नाही, तरी रंग ठिपक्याठिपक्यांनी भरतोय? मग फाइलच्या नावाचा शेवट बघा. जेपीजी असेल तर कारण तेच.

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून जागा वाचवतं. फोटोत ते कळत नाही. काळ्या रेघेच्या शेजारी स्वच्छ पांढरा असला की मात्र त्या तुकड्यात रेघेभोवती फिकट करडी धूळ उडते. दर वेळी उघडून बदल करून पुन्हा जेपीजीत साठवलं की धूळ वाढते. आणि एकदा बसलेली धूळ नुसतं पीएनजी म्हणून साठवल्यानं जात नाही, तीही जशीच्या तशी पीएनजीत येते. रेषाचित्र असेल तर वरची मोनोक्रोमची चाळणी लावा. रंग भरलेलं असेल तर मूळ फाइल शोधणं बरं.

आमच्याकडे ही धूळ बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून येते. चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते लहान होऊन जेपीजीत जातं. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशी आहे तशी पोचते. एका छपाईच्या दुकानात मी स्वतः असं फोटो म्हणून पाठवलेलं मुलांचं चित्र छापून आणलं होतं. झुलीचा काठ पावसात भिजल्यासारखा दिसत होता. तेव्हापासून पेनड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट, तिसरं काही नाही.

रेषेखाली रंग: बादलीशिवायचा रस्ता

बादली सोडूनच दिली तर? रंग आधी, रेषा वरून. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एकावर एक ठेवायचे थर (लेयर) असतात. विंडोज ११ च्या पेंटमध्येही २०२३ पासून थर आले आहेत, तुमच्याकडे तो असेल तर तोच वापरा. ज्यांच्याकडे विंडोज ७ किंवा १० आहे, त्यांनी असं करावं.

कडक रेषांचं चित्र घ्या, कंट्रोल-ए आणि कंट्रोल-सी करा. आता त्याच पानावर जाड ब्रशनं बिनधास्त रंगवा. रेषेवरून गेला तरी चालेल, रेघ झाकली तरी चालेल, फक्त फार बाहेर जाऊ नका. झूल लाल, अंग दुधी, गोंडे पिवळे. मग कलर २ मध्ये शुद्ध पांढरा आहे याची खात्री करा, सिलेक्टच्या खालच्या बाणातून ट्रान्सपरंट सिलेक्शनला खूण करा आणि कंट्रोल-व्ही दाबा. कॉपी केलेल्या चित्रातला पांढरा रंग काच होतो आणि फक्त काळ्या रेषा रंगावर येऊन बसतात. रेषा खिडकीत दिसणाऱ्या भागाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उतरतात, म्हणून पान त्याच कोपऱ्यात आणून ठेवलेलं असेल तर जागेवर बरोबर बसतात, हलवायची गरज पडत नाही.

हे न जमण्याचं एकमेव कारण मी आतापर्यंत पाहिलंय: पांढरा शुद्ध नसतो. जेपीजीतून आलेल्या रेषांचा पांढरा २५३, २५४ असा विखुरलेला असतो, म्हणून काच होण्याऐवजी पांढरे ठिपके उमटतात. पुन्हा तीच चाळणी.

आणि इथं देवणीची गंमत आहे. देवणीत बऱ्याचदा अंग पांढरं, त्यावर काळे ठिपके. आता तुम्ही बैलाचं अंग शुद्ध पांढऱ्यानं रंगवलंत आणि नंतर आख्खा बैल उचलून शेताच्या चित्रावर ठेवायला गेलात, तर बैलाचं अंगही काच होतं आणि पोटातून मागची ज्वारी दिसते! म्हणून बैलाला शुद्ध पांढरा देऊच नये. २५०, २४५, २३५ असा किंचित सायीसारखा पांढरा द्यावा. तो दिसतोही खरा, कुठलाच बैल कागदासारखा पांढरा नसतो. तसंच अंगावरचे काळे ठिपके २०, २०, २० नं रंगवावेत आणि रेषा शुद्ध काळीच, ० ची ठेवावी. डोळ्याला दोन्ही काळेच, पण पेंटला वेगळे. त्याचा फायदा पुढं आहे.

लाल कंधारी जातीचा बैल काढणाऱ्यांना ही अडचण नाही. तिथं गडद विटकरी तांबडा आणि रेषेचा काळा आपोआप वेगळे राहतात. पहिलं चित्र असेल तर मी मुलांना कंधारीच काढायला सांगते.

रंग बदलणारं खोडरबर

झूल लाल केली आणि आता हिरवी हवी. बादलीनं बदलता येते, पण झुलीवर बारीक नक्षी असेल तर शंभर तुकड्यांत शंभर क्लिक. त्याऐवजी कलर १ मध्ये जुना लाल ड्रॉपरनं उचला. कलर २ मध्ये नवा हिरवा ठेवा. खोडरबर घ्या, ते मोठं करा आणि माउसचं उजवं बटण दाबून झुलीवरून फिरवा. फक्त तो लाल हिरवा होतो, बाकी नक्षीला, रेषेला, अंगाला धक्काही लागत नाही. डाव्या बटणानं फिरवलंत तर सगळंच खोडलं जाईल, तेवढं सांभाळा.

रेषा ० आणि ठिपके २० ठेवायला सांगितलं ते यासाठी. आता बैलाची सगळी बाह्यरेषा काळ्याऐवजी गडद तपकिरी करायची असेल तर याच खोडरबरानं एका फेरीत होते आणि ठिपके काळेच राहतात.

हेही हुबेहूब रंगावरच चालतं. मऊ कडेच्या चित्रावर चालवलं तर मधला भाग हिरवा आणि काठाला लालसर किनार राहते. सगळं पुन्हा त्या कडक रेषेवरच येऊन थांबतं.

पैठणीचा काठ

झुलीला किंवा पानाच्या कडेला नारळी काठ हवा असेल तर एकच नारळ नीट काढा, जाळी लावून, घरं मोजून. साधारण ४० घरं रुंद, ६० घरं उंच पुरे. निवडून, कंट्रोल दाबून बाजूला ओढा, मूळ जागेवर राहून त्याची नक्कल सरकते. एकाचे दोन झाले की दोन्ही मिळून निवडा, दोनाचे चार, चाराचे आठ. सोळा नारळ चार ओढण्यांत होतात आणि अंतर चुकत नाही. समोरच्या बाजूचा काठ फ्लिप करून घ्यावा. शिफ्ट दाबून ओढलं तर मागं सलग छाप उमटत जातात. तो प्रकार शेपटीच्या किंवा दोरीच्या पिळाला छान लागतो.

दोन बारीक पण नेहमीचे घोटाळे

मेहनतीनं मिसळलेला हिंगुळाचा तांबडा दुसऱ्या दिवशी गायब. विंडोज ७ आणि १० मध्ये पेंट बंद केला की कस्टम रंग राहत नाहीत. पान बाजूला पन्नास-साठ पिक्सेल जास्त रुंद ठेवा आणि तिथं वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एक छोटा चौकोन काढून ठेवा, सायीचा पांढरा, वीस नंबरचा काळा, हिंगूळ, झुलीचा हिरवा. लागेल तेव्हा ड्रॉपरनं उचला. शेवटी ती पट्टी कापून टाकायची.

आणि वीज. उन्हाळ्यात दुपारी कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या पेंटमध्ये आपोआप साठवण्याची सोय नाही. दर रेघेनंतर नाही, पण प्रत्येक टप्प्यानंतर नवीन नावानं साठवा: बैल०१ रेषा, बैल०२ कडक रेषा, बैल०३ रंग. रंग भरताना कितीही गोंधळ झाला तरी बैल०२ हातात असला की पाच मिनिटांत परत उभं राहता येतं. त्या मुलीनं दोन फटी बुजवून पहिली फाइल अशीच साठवली. मग झुलीत लाल ओतला, तो झुलीतच थांबला, तरी तिनं खात्रीसाठी कंट्रोल-झेड करून तो आणखी दोनदा ओतून बघितला. शिंगांचा हिंगूळ तिनं पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यात शेवटी भरला.